ती हरवलेली नाही

पत्र थोडक्यात असं: लिहिणारे गृहस्थ ४४ वर्षांचे आहेत, लग्नाला १३ वर्षं झाली आहेत. त्याआधी, पंचविशीच्या आसपास, त्यांचं चार वर्षांचं एक प्रेम होतं. एके दिवशी तिने फोन उचलणं बंद केलं. महिनाभराने टपालाने एक पुडकं आलं. त्यात त्यांनी तिला वाचायला दिलेली कादंबरी होती, चिठ्ठी नव्हती. कादंबरीच्या ११२व्या पानाशी रेल्वेचं एक तिकीट मात्र होतं. तारीख त्यांच्या शेवटच्या भेटीच्या आठ दिवस आधीची. त्या प्रवासाबद्दल ती त्यांना काहीच बोलली नव्हती. ते तिकीट आजही त्यांच्याकडे आहे. गेली काही वर्षं ते रात्री उशिरा रहस्यपट बघतात, त्यातही नाहीशा झालेल्या प्रेयसीच्या मागावर निघालेल्या डिटेक्टिव्हचे. काही सिनेमे दहा-बारा वेळा बघून झाले आहेत. आता त्यांनी एका खासगी डिटेक्टिव्हशी बोलणीही केली आहेत, फक्त पैसे भरायचे राहिले आहेत. ते लिहितात, ‘मला तिला परत मिळवायचं नाही. ती का गेली एवढं कळलं की मी ही फाइल बंद करीन.’ पत्नीला तिकिटाची कल्पना नाही. तीन आठवड्यांपूर्वी ती सिनेमा चालू असताना शेजारी येऊन बसली आणि थोड्या वेळाने तिने विचारलं, ‘या माणसाची घरी कुणी वाट बघत नाही का?’ त्यांनी टीव्ही बंद केला. आता पैसे भरावेत का आणि हे सिनेमे बघणं सोडावं का, असे त्यांचे दोन प्रश्न आहेत.

नमस्कार,

आधी दोन्ही प्रश्नांची सरळ उत्तरं देते. पैसे भरू नका. सिनेमे सोडू नका. असं का म्हणते, ते तुमच्याच आवडीच्या सिनेमांचा हात धरून सांगते, कारण तुम्ही त्यांच्यात इतकी वर्षं राहिला आहात. (ज्यांनी हे सिनेमे पाहिलेले नाहीत त्यांना काही शेवट आधीच कळतील. त्याला माझा इलाज नाही.)

तुमच्या पत्रात एक शब्द पुन्हा पुन्हा येतो: ‘हरवली’. मी तिथेच अडखळले. हरवली म्हणजे कुणाला? तिच्या घरच्यांना ती कुठे असते हे ठाऊक असणार. तिच्या कामाच्या ठिकाणी तिची एक खुर्ची असेल, कुणाच्या तरी फोनमध्ये तिचा नंबर असेल, तिच्या येण्याजाण्याच्या वेळा कुणाला तरी पाठ असतील. ती सापडत नाही ती फक्त तुम्हाला, आणि तेही तिने तसं ठरवलं म्हणून. हरवणं आणि निघून जाणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हरवलेल्या माणसाला शोधायला जावं लागतं. निघून गेलेलं माणूस कुठे आहे हे त्याचं त्याला नीट माहीत असतं.

‘लॉरा’ तुम्ही किती वेळा पाहिलात ते लिहिलं नाही, पण तुमच्या सिनेमांच्या यादीत तो पहिला आहे. ऑटो प्रेमिंजरचा, १९४४ सालचा. खून झालेल्या लॉरा हंटच्या घरात मॅकफर्सन हा डिटेक्टिव्ह तपासासाठी येतो आणि हळूहळू तपास बाजूलाच राहतो. तो तिची पत्रं वाचतो, कपाट उघडून बघतो, अत्तराचा वास घेतो, आणि शेवटी तिच्या तैलचित्राखालच्या खुर्चीत झोपून जातो. तेवढ्यात दार उघडतं आणि पावसात भिजलेली लॉरा आत येते. जिवंत. आपल्यासारखे प्रेक्षक इथे श्वास रोखतात, तिच्या चेहऱ्याकडे बघत राहतात, आणि ती काय बोलते त्याकडे आपलं लक्षच जात नाही. आज रात्री तेवढा एकच प्रसंग पुन्हा लावा आणि नुसतं ऐका. ती घाबरलेली आहे. स्वतःच्या घरात एक परका पुरुष बसलेला तिला दिसतो. तू इथे काय करतोयस, असं ती विचारते आणि निघाला नाहीस तर पोलिसांना बोलावीन म्हणते. त्याने मनातल्या मनात तिच्याबरोबर अख्खं आयुष्य काढलेलं आहे. तिने त्याला कधी पाहिलेलंही नाही.

आणखी एक बारकावा. लॉरा त्या दिवसांत गावाबाहेरच्या घरी राहायला गेलेली असते, तिथला रेडिओ बंद असतो, आणि शहरात आपल्या मरणाची बातमी पसरली आहे याचा तिला पत्ताच नसतो. सगळं शहर तिला गेलेली समजतंय आणि ती स्वतः दोन दिवस निवांत बसायला गेली आहे. तुमच्या बाबतीत हे दोन दिवस वीस वर्षांचे झाले आहेत, एवढाच फरक. आपल्या नावाची एक फाइल कुणीतरी जपून ठेवली आहे, हे तिच्या स्वप्नातही नसेल.

आता तो खासगी डिटेक्टिव्ह काय करील ते डोळ्यांसमोर आणून बघा. तो ‘का’ शोधून आणणार नाही. ते त्याला शक्यच नाही, कारण ‘का’ कुठल्या नोंदवहीत नसतं. तो पत्ता आणील, नोकरीची माहिती आणील, कदाचित रस्त्यापलीकडून काढलेला एक फोटो आणील. हातात भाजीची पिशवी असलेली, फोन कानाला लावून चाललेली, चाळिशी ओलांडलेली एक बाई. तिला न कळत काढलेला फोटो. तो फोटो हातात घेऊन तुम्ही काय कराल? तुम्ही सभ्य माणूस आहात, हे पत्राच्या ओळीओळीतून कळतं, म्हणून स्पष्टच लिहिते: एखाद्या बाईच्या नकळत तिच्यावर नजर ठेवायला माणूस नेमणं, मग हेतू कितीही निर्मळ असो, तिच्या बाजूने बघितलं तर ती भीतीचीच गोष्ट आहे. कित्येक देशांत असा पाठलाग कायद्यानेही गुन्हा ठरू शकतो.

यावर तुम्ही म्हणाल, मग माझं काय? मी वीस वर्षं टांगणीला लागलोय त्याचं काय?

ते दुःख खरं आहे. ‘जुनं झालं, सोडून द्या’ असं तुम्हाला मी म्हणणार नाही. पॉलिन बॉस या अमेरिकी अभ्यासक-समुपदेशक बाईंनी व्हिएतनाम युद्धात बेपत्ता झालेल्या सैनिकांच्या बायकांबरोबर काम केलं आणि अशा दुःखाला नाव दिलं. मराठीत आपण त्याला संदिग्ध वियोग म्हणू. मृत्यू झाला तर लोक जमतात, रडतात, दिवस करतात. इथे तसलं काहीच होत नाही. माणूस शरीराने नाही, पण मनात ठाण मांडून आहे, आणि शोक करायचा तर कशाचा, तेही धड कळत नाही. बॉस यांचं आणखी एक म्हणणं मला फार पटतं: अशा दुःखाला पूर्णविराम मिळेलच, हा आग्रहच माणसाला जास्त छळतो. तुम्ही ‘फाइल बंद करीन’ म्हणता ना, तो हाच आग्रह.

याच बाई दुसऱ्या प्रकारच्या वियोगाबद्दलही सांगतात. त्यात माणूस घरात असतो, समोर बसलेला असतो, पण मनाने तिथे नसतो. ते वाचताना मला तुमच्या पत्नी आठवल्या. पहिल्या प्रकारचं दुःख तुम्ही सोसताय. दुसऱ्या प्रकारचं कदाचित त्या सोसत असतील, तुमच्या शेजारी बसून, टीव्हीच्या उजेडात.

आता तिकीट. वीस वर्षं तुम्ही त्याला पुरावा समजत आला आहात. ती कुणाला तरी भेटायला गेली असणार, तिथेच काहीतरी ठरलं असणार, आणि मला कळावं म्हणूनच तिने ते पुस्तकात ठेवलं असणार, असे तीन ‘असणार’ तुम्ही त्या एका कागदावर उभे केले आहेत. मला आणखी एक शक्यता दिसते. वाचता वाचता पान लक्षात राहावं म्हणून हाताला लागलेला कागद माणूस खूण म्हणून ठेवतो. ११२व्या पानावर तिचं वाचन थांबलं असेल. ही शक्यता तुमच्या पत्रात कुठेच नाही. यातलं खरं काय ते मला माहीत नाही, आणि तिला तरी आज आठवत असेल का? डिटेक्टिव्हच्या सिनेमात कॅमेऱ्याने जवळून दाखवलेली प्रत्येक वस्तू कामाची असते, कारण कुणीतरी ती मुद्दाम तिथे ठेवलेली असते. आपल्या आयुष्यात वस्तू अशाच पडून राहतात.

२००९च्या ‘द सीक्रेट इन देअर आइज’बद्दल तुम्ही भरभरून लिहिलं आहे. हुआन होसे कांपानेयाचा, अर्जेंटिनाचा. परदेशी भाषेतल्या सर्वोत्तम चित्रपटाचं ऑस्कर मिळालेला. त्यात कोर्टाच्या तपासकामातून निवृत्त झालेला एस्पोसितो पंचवीस वर्षांपूर्वीच्या खुनाच्या तपासावर कादंबरी लिहायला बसतो. एका रात्री अर्धवट झोपेत तो कागदावर एक शब्द खरडतो: ‘तेमो’. स्पॅनिशमध्ये त्याचा अर्थ, मला भीती वाटते. सिनेमाभर तो कागद आपल्याला छळत राहतो. शेवटी एस्पोसितो त्यात एकच अक्षर घालतो, रोमन लिपीतलं ‘ए’, आणि शब्द होतो ‘ते आमो’. माझं तुझ्यावर प्रेम आहे. इरेने ही त्याची कोर्टातली वरिष्ठ, जिच्यावरचं प्रेम तो कधी बोलून दाखवू शकला नाही. तिने त्याला दिलेल्या टाइपरायटरमध्येही नेमकं हेच अक्षर उमटत नसतं. तुम्ही लिहिलंय की हा प्रसंग बघून तुम्हाला दर वेळी रडू येतं, कारण तुमच्या तिकिटातही असंच एखादं अक्षर राहून गेलं असावं. पण एक गोष्ट तुमच्या नजरेतून निसटली. तो कागद इरेनेने लिहिलेला नव्हता. अक्षर एस्पोसितोचं स्वतःचं होतं. इतकी वर्षं जो धागा सुटत नव्हता तो त्याच्याच भीतीचा होता, आणि अक्षर घालायला त्याला दुसऱ्या कुणाची परवानगी लागली नाही.

त्याच सिनेमातला मोरालेस आठवा. ज्याची तरुण बायको मारली गेली तो. खुनी कधीतरी गाडीने येईल या आशेवर तो रोज काम संपल्यावर रेल्वे स्टेशनवर जाऊन बसतो. प्रेम असावं तर असं, असं पहिल्यांदा बघताना मलाही वाटलं होतं. बायकोने शेवटच्या सकाळी खोकल्यासाठी लिंबू घालून चहा करून दिला होता, हे तो सांगतो, आणि मग म्हणतो की ही आठवण आहे की आठवणीची आठवण, हे आता त्याचं त्यालाच उमगत नाही. आणि शेवटी कळतं की त्याने खुन्याला पंचवीस वर्षं स्वतःच्या जागेत कोंडून ठेवलंय. तो कैदी एस्पोसितोकडे सुटकेची भीक मागत नाही. मोरालेसला निदान माझ्याशी बोलायला सांगा, एवढंच म्हणतो. मला त्या दृश्यात गजांच्या दोन्ही बाजूंना कैदीच दिसतात. बाहेरच्याने पंचवीस वर्षं आतल्याला जेवण नेऊन दिलंय, म्हणजे तोही एक दिवस कुठे जाऊ शकलेला नाही.

इथे एक अवघड प्रश्न विचारते, राग मानू नका. तुम्हाला ही फाइल खरंच बंद करायची आहे का? पार्क चान-वूक यांच्या २०२२च्या ‘डिसिजन टू लीव्ह’मध्ये न सुटलेल्या प्रकरणांचे फोटो भिंतीवर लावून त्यांच्यापायी झुरणारा पोलीस अधिकारी आहे. त्याच्या प्रेमात पडलेली सो-रे शेवटी स्वतःच त्याची न सुटलेली केस व्हायचं ठरवते, कारण तिला कळून चुकलेलं असतं की हा माणूस सुटलेलं विसरतो आणि न सुटलेलं सांभाळतो. तुमचं तिकीटही तसंच काही काम करत असेल का? जोवर उत्तर नाही तोवर ती थोडी तरी तुमची आहे. उत्तर मिळालं, आणि ते अगदी साधं निघालं, की घरच्यांचा विरोध होता, की मन उडालं, की नुसतं सांगायचं धाडस झालं नाही, तर मग ती खरंच जाईल. मला वाटतं, पैसे भरताना तुमचा हात अडला तो यामुळे. त्या अडण्यावर विश्वास ठेवा.

तुम्ही ‘व्हर्टिगो’बद्दल फक्त एक ओळ लिहिली आहे, तो बघवत नाही म्हणून. हिचकॉकचा, १९५८चा. त्यात स्कॉटी हा माजी डिटेक्टिव्ह, गेलेल्या मॅडलिनसारख्या हुबेहूब दिसणाऱ्या जुडीला तोच करड्या रंगाचा सूट घालायला लावतो, केस रंगवायला लावतो, वर बांधायला लावतो. लोक नेहमी त्या केस बांधून हिरव्या उजेडात बाहेर येणाऱ्या जुडीबद्दल बोलतात. मी तुम्हाला मिजबद्दल सांगणार आहे. मिज ही स्कॉटीची जुनी मैत्रीण, चष्मा लावणारी, चित्रं काढणारी, त्याच्यावर मनापासून जीव असलेली. स्कॉटी ज्या जुन्या तैलचित्राच्या नादी लागलेला असतो, तसंच चित्र ती एकदा रंगवते आणि त्या चेहऱ्याच्या जागी स्वतःचा चष्म्यासकट चेहरा काढते. त्याला हसू येईल, निदान तो आपल्याकडे बघेल, म्हणून. तो बघतो, आणि हे काही मजेशीर नाही असं म्हणून निघून जातो. त्याच्यामागे ती स्वतःचेच केस ओढत स्वतःला मूर्ख म्हणत राहते. पुढे तो आजारी पडून सुन्न होऊन बसलेला असताना ती त्याला भेटायला जाते, मी इथे आहे हे तुला कळतही नाहीये, पण मी आहे, असं त्याला सांगते, आणि एका लांबलचक बोळातून चालत जाते. त्यानंतर ती सिनेमात दिसत नाही. तिचा माग कुणीच काढत नाही.

तुमच्या पत्नी त्या रात्री शेजारी येऊन बसल्या, ते मिजने रंगवलेलं चित्रच होतं. ज्या गोष्टीत त्यांना जागा नाही त्या गोष्टीत त्यांनी आपला चेहरा घालून बघितला. ‘या माणसाची घरी कुणी वाट बघत नाही का?’ हा प्रश्न त्यांनी पडद्यावरच्या माणसाबद्दल विचारला नव्हता, आणि तुम्हालाही ते कळलं, नाहीतर टीव्ही बंद करायचं कारण नव्हतं.

आता काय करायचं ते सांगते. अशीच पत्रं मला इतरांकडूनही येतात, तेव्हा त्यांनीही हे आपल्यापुरतं घ्यावं.

पहिलं म्हणजे एका कागदाचे उभे दोन भाग करा. डावीकडे तुम्ही डोळ्यांनी पाहिलेलं आणि कानांनी ऐकलेलं तेवढंच लिहा, पंचनाम्यात लिहितात तसं. फोन उचलला नाही. पुडकं आलं. तिकिटावर अमुक तारीख. उजवीकडे तुम्ही लावलेले अर्थ लिहा. डावी बाजू पाच-सहा ओळींत संपेल, उजवीकडे पानं पुरणार नाहीत. वीस वर्षं तुम्ही बहुतेक उजव्या बाजूतच राहत होतात, हे एकदा स्वतःच्या अक्षरात दिसू द्या.

दुसरं, तिला पत्र लिहा आणि पाठवू नका. एस्पोसितोनेही तपास पुन्हा उघडायच्या आधी लिहायला घेतलं होतं. लिहून महिनाभर बाजूला ठेवा. त्यानंतरही वाटलं की एकदा तरी तिच्यापर्यंत पोचायलाच हवं, तर एकच पत्र पाठवा, दोघांना ओळखणाऱ्या, तिला विचारून मगच ते तिच्या हाती देईल अशा माणसामार्फत. त्यात तिने उत्तर दिलंच पाहिजे असा प्रश्न नको. उत्तर आलं नाही तर तेच तिचं उत्तर. आणि ते पत्र पत्नीच्या नकळत जाता कामा नये. माझं मत विचाराल तर ते पाठवायची वेळच येऊ नये, पण निर्णय तुमचा. जे रात्री-अपरात्री जुन्या माणसाचं समाजमाध्यमांवरचं खातं उघडून बसतात, त्यांनाही माझं हेच सांगणं आहे. तोही माग काढणंच आहे, फक्त त्यात पैसे जात नाहीत.

जिथे माणूस खरोखर बेपत्ता आहे, घरच्यांनाही ठावठिकाणा नाही, जिवाला धोका असल्याची शंका आहे, तिथे मात्र वरचं काहीच लागू नाही. अशा वेळी एक दिवसही न थांबता पोलिसांत जावं.

झोप उडाली असेल, कामात लक्ष लागत नसेल, तर समुपदेशकाकडे जा. डिटेक्टिव्हसाठी बाजूला काढलेले पैसे तिथे सत्कारणी लागतील.

सिनेमे बघा, पण शोधणाऱ्याच्या खांद्यावरून बघणं जरा थांबवा. ‘व्हर्टिगो’ मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा मी पूर्ण स्कॉटीच्या बाजूने होते. पुढे कधीतरी जुडीच्या बाजूने पाहिला. मॅडलिन म्हणून वावरणारी आपणच होतो, हे सगळं सांगणारं पत्र ती स्कॉटीला लिहिते आणि फाडून टाकते, तिथे मी आधी नुसतं रहस्य ऐकलं होतं. या वेळी तिचे हात बघितले. तिच्याकडे कारण होतं, सांगायची इच्छाही होती, आणि तरी तिने सांगितलं नाही. तुमची मैत्रीणही अशीच एखादा कागद पुढ्यात घेऊन बसली असेल आणि शेवटी नुसतं पुस्तकच पुडक्यात घातलं असेल. किंवा नसेलही.

राहता राहिलं ते तिकीट. ते फाडू नका, जाळू नका, त्याने काही होत नाही. पत्नीला दाखवा. एखाद्या सकाळी, दोघांनाही घाई नसेल तेव्हा, माझ्याकडे हे वीस वर्षं आहे एवढं म्हणून त्यांच्या हातात द्या. त्या विचारतील तेवढंच सांगा, जास्त रंगवू नका, आणि लगेच माफी मागून त्यांना गप्प करू नका. कदाचित त्या रागावतील. कदाचित त्यांच्याकडेही एखादं पान निघेल, खूण घालून ठेवलेलं.

त्यांनी विचारलेल्या प्रश्नाला तीन आठवडे झाले. वाट बघणारं घरी कुणी आहे की नाही, हे तुम्ही त्यांना अजून सांगितलेलं नाही. डिटेक्टिव्हला नकार कळवायच्याही आधी ते सांगा.